रुंद अंगाच्या जुन्या ९११ ला १७ इंची चाकं: स्पेसर किती जाड चालेल? (बडोदा)

दांडियाबाजारकर – ३ ऑगस्ट, रात्री १०:४२

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. पहिलाच प्रश्न पैसे घालवून झाल्यावरचा आहे, तेव्हा हसू नका. म्हणजे हसा, पण उत्तरही द्या.

गाडी काकांची. काका लेस्टरला डॉक्टर होते, ९३ साली परत आले तेव्हा सामानाबरोबर ही पण आली. १९८७ ची पोर्शे ९११ कॅरेरा ३.२, स्टिअरिंग उजवीकडे, आणि 'टर्बो लुक' म्हणतात त्यातली. इंजिन साधंच, टर्बो नाही. पण मडगार्ड, ब्रेक, सस्पेन्शन सगळं ९३० चं, म्हणजे त्या काळच्या टर्बो ९११ चं. मागून बघितली की जुम्मादादा व्यायाममंदिरातला एखादा पैलवान बैठक मारून बसल्यासारखी दिसते. काका आता ८४ चे. चालवत नाहीत, पण रविवारी सकाळी शेजारी बसतात आणि माझ्या गिअर बदलण्यावर बोलतात.

मूळची फुक्स (पोर्शेची ठरलेली घडीव अलॉय) चाकं आहेत: पुढे ७ बाय १६, मागे ९ बाय १६. पुढची दोन ठणठणीत. मागच्यातलं एक पाऊस सुरू झाल्यावर खड्ड्यात वाकलं. दुसरं पूर्वी कुणीतरी वेल्डिंग करून दिलेलं होतं, ते तिथेच परत तडकलंय. मागे चाक आणि हब (ज्यावर चाक आवळतात तो फिरता तुकडा) यांच्यामध्ये कंपनीचाच २८ मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर आहे.

मुंबईच्या एका ओळखीच्याकडून ९९३ ची, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ९११ ची, १७ इंची 'कप' चाकं मिळाली. पुढे ७ बाय १७, मागे ९ बाय १७, चारही सरळ, रंगही चांगला. तो म्हणाला, "पाच बोल्ट, १३० पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत), तुझंही तेच, बसणारच." बसली! पण मागची चाकं मडगार्डच्या आत अशी गेलीत की पैलवानाने धाकट्या भावाची चड्डी घातल्यासारखं वाटतं. शिवाय आतल्या बाजूला टायर आणि सस्पेन्शनचा आर्म यांच्यात बोट जात नाही. पुढचं चाक तर स्ट्रटलाच (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला) टेकतंय, फिरतच नाही.

चाकांवर ईटी ५५ असं कोरलंय. स्पेसर घालून बाहेर आणता येतील का? किती जाड? मकरपुऱ्यातल्या वर्कशॉपांत करून मिळतील का? की चाकं विकून टाकू?

---

पुणेरी_पेट्रोल – ३ ऑगस्ट, रात्री ११:०५

आधी चाकं घ्यायची, मग ईटी म्हणजे काय ते विचारायचं. उत्तम पद्धत आहे.

स्पेसर घालू नका. बेअरिंग जातं. एवढं बोलून थांबतो.

---

इंदूरी_भिया – ३ ऑगस्ट, रात्री ११:२०

भिया, फोटो टाका आधी! आमच्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे, तिथे आणा म्हटलं असतं, पण चाक फिरतच नसेल तर पोहे खाऊन परत जाल.

---

कलाभवन_७८ – ४ ऑगस्ट, सकाळी ६:१५

दांडियाबाजारकर, तुमच्या काकांना बहुतेक मी ओळखतो. रावपुऱ्यात ती गाडी बघायला आम्ही पोरं सायकली टाकून उभी राहायचो. (पोरं म्हणजे तेव्हा वय पस्तिशीचं होतं, पण असो.)

आधी ईटी. हा जर्मन शब्द, आइनप्रेसटीफ. चाकाच्या रुंदीच्या बरोब्बर मधून एक रेघ मारा. हबला टेकणारा चाकाचा चेहरा त्या रेघेपासून बाहेरच्या बाजूला किती मिलिमीटर आहे, तो आकडा. ईटी जास्त, तितकं चाक गाडीच्या पोटात. ईटी कमी, तितकं बाहेर.

मागचं फुक्स ९ इंचीच आणि कपचंही ९ इंचीच, म्हणून हिशेब सोपा. फुक्सचं ईटी १५, कपचं ५५. फरक ४०. म्हणजे आहे त्या २८ च्या स्पेसरवर चाक ४० मिमी आत गेलं. तुम्हाला चड्डी दिसली ती हीच. जुन्या जागी आणायचं तर २८ अधिक ४०, एकूण ६८ मिमीचा स्पेसर. पुढे फुक्सचं ईटी २३.३, कपचं ५५, म्हणजे ३१.७. बत्तीसचा धरा.

अडुसष्ट मिलिमीटर म्हणजे किती, ते घरातल्या फुटपट्टीवर एकदा बघा आणि मग पुढचं वाचा.

आता बेअरिंगचं. पुणेरी साहेब, हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि अर्धंच खरं आहे. बेअरिंगला स्पेसर दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की चाकाची मधली रेघ हबपासून किती लांब आहे. ईटी १५ च्या चाकाला २८ चा स्पेसर लावा, किंवा ईटी ५५ च्या चाकाला ६८ चा, रेघ एकाच जागी येते. बेअरिंगवरचा भार तोच. चाक होतं त्याहून बाहेर काढलंत तर मात्र भार वाढतो, आणि मग स्पेसर न लावता नुसत्या कमी ईटीच्या चाकानेही तेवढाच वाढतो. दोष स्पेसरचा नाही, जागेचा. ९३० च्या रुंद अंगाखाली चाक बाहेर आणायला खुद्द पोर्शेनेच मागे स्पेसर दिला, तो काय बेअरिंगं विकायला?

खरा प्रश्न सांध्याचा आहे. दुपारी लिहितो, आता दूध आणायला जायचंय.

---

पुणेरी_पेट्रोल – ४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

"अर्धंच खरं" हे पुण्यात कुणी मला बोललं नसतं. पण मुद्दा पटला. सांध्याचं लिहा.

---

कलाभवन_७८ – ४ ऑगस्ट, दुपारी २:५०

लोकांना वाटतं, गाडीचं वजन त्या पाच स्टडांवर (हबमधून बाहेर येणाऱ्या, नट बसणाऱ्या आट्याच्या दांड्यांवर) टांगलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि चाकाचा चेहरा हबच्या चेहऱ्यावर दाबून धरतो. भार वाहतं ते दोन चेहऱ्यांमधलं घर्षण. तुमच्या गाडीला नटाचा टॉर्क १३० न्यूटन मीटर, आपल्या जुन्या पान्यांवर सव्वातेरा किलोग्रॅम-मीटर. एवढ्या टॉर्कला एम१४ चा, म्हणजे १४ मिमी जाडीचा, स्टड साधारण साडेचार टनांनी आवळतो. पाच स्टड, म्हणजे वीस टनांच्या वर. हा दाब शाबूत आहे तोवर स्टडला आडवा मार बसत नाही. तो ढिला पडला की चाक सूक्ष्म हलायला लागतं, आणि मग स्टड वाकून वाकून तुटतो. एक तुटला की उरलेले चार त्याच वाटेने जातात.

स्पेसर घातला की एकाच्या जागी दोन सांधे होतात: हब-स्पेसर आणि स्पेसर-चाक. दोन्हीकडे चेहरे सपाट, एकमेकांना समांतर, कोरडे आणि स्वच्छ हवेत. रंग नको, गंजाचा पापुद्रा नको, ग्रीस तर नकोच.

स्पेसर दोन तऱ्हेचे. एक नुसती चकती: स्टड लांब घालायचे, ते स्पेसरमधून आरपार येतात आणि नट चाकावरच बसतो. तुमचा २८ वाला असाच असणार. दुसरा, जो आधी हबवर स्वतःच्या नटांनी आवळतात आणि त्याच्यात ठोकलेल्या वेगळ्या स्टडांवर चाक बसतं. ३२ किंवा ६८ ला हा दुसराच लागेल. त्यात आवळायचे नट दुप्पट, आणि आतले पाच चाक काढल्याशिवाय दिसतही नाहीत. आतला नट सैल झाला तर कळणार कधी?

आटे किती धरले हेही मोजा. साधा नियम, नटात स्टड निदान स्वतःच्या व्यासाइतका शिरला पाहिजे. एम१४ ला १४ मिमी. आट्यांचं अंतर दीड मिमी, म्हणजे हाताने नट फिरवताना नऊ-साडेनऊ फेरे मिळायला हवेत. सहा फेऱ्यांत आवळला तर तिथेच थांबा.

---

लेथवाला_मकरपुरा – ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

जीआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन). स्पेसर मी केलेत, बहुतेक जीपवाल्यांसाठी.

३२ चे करीन. ६८ चे नाही करणार.

कारण विचाराल म्हणून सांगतो. बाहेरचा व्यास १६५ धरला, मधलं भोक ७१.६, जाडी ६८. वजन होतं सव्वातीन किलोच्या आसपास, भोकांचं थोडं वजा करा. प्रत्येक मागच्या चाकाला तीन किलोची धोंड, ती पण स्प्रिंगच्या खालच्या बाजूला. (या गाडीला स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे, माहितीय. अर्थ समजून घ्या.) खड्ड्यात ते वजन चाकाबरोबर उडतं. शिवाय बार कुठला आणायचा? सर्टिफिकेटवाला ६०६१-टी६ किंवा ७०७५ हवा, या मजबूत मिश्रधातूंच्या जाती. बाजारात "अ‍ॅल्युमिनियम छे साहेब, चालशे" म्हणून जे देतात ते कधी कधी ओतलेलं असतं, तपासायला गेलं तर कढईचं हिंडालियम. ओतीव माल चाकाखाली मी घालत नाही. माझ्याकडचा जुना टर्नर, साठीचा माणूस, त्याला आकडा सांगितला तर म्हणाला, "आ स्पेसर नथी, आ तो बीजुं हब छे." बरोबर बोलला. हे दुसरं हबच झालं.

आणि कुणीही करा, मधला गोल कडा विसरू नका. हबची नाभी ७१.६, ती स्पेसरच्या भोकात घट्ट बसली पाहिजे, आणि स्पेसरच्या बाहेरच्या तोंडाला तशीच ७१.६ ची नाभी हवी, चाक तिच्यावर बसेल. ती नसेल तर चाक नटांवर लोंबकळत मध्यावर येतं, आणि वेगात हात थरथरतात.

---

टायरवाली_ताई – ५ ऑगस्ट, सकाळी ११:४०

पादरा रोडला बाबांचं टायरचं दुकान मी चालवते. तुम्ही सगळे ॲल्युमिनियममध्ये अडकलात, रबराचं कुणी बोललंच नाही.

दादा, १७ ची इच्छा का झाली ते खरं सांगा. तुमच्या ९ इंची फुक्सचा २४५/४५ आर१६ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) मिळत नाही म्हणून ना? दुकानात दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं आणि मी नाही म्हणते. १७ मध्ये ९९३ ची मापं २०५/५० आणि २५५/४०, ती मागवता येतात. हिशेबाने व्यास पुढे ६३७, मागे ६३६ येतो, तुमच्या जुन्यापेक्षा जेमतेम एखादा टक्का जास्त. तेवढं चालतं.

पण पुढच्या फुक्सला लागतं २०५/५५ आर१६. अहो, ऑक्टाव्हिया आणि कोरोला अल्टिसचं माप आहे ते! कुठल्याही दुकानात, पाच कंपन्यांचं. आणि ८६ च्या आधी या रुंद गाड्यांना मागे ८ इंची फुक्स यायची, तिच्यावर २२५/५० आर१६. तो टायर मी चार दिवसांत मागवते. मग ९ चा हट्ट कशाला? ८ बाय १६ ची एक जोडी शोधा, पुढची फुक्स तशीच ठेवा. दोघांचे व्यासही बघा: २०५/५५ चा ६३२, २२५/५० चा ६३१. मिमीचाही फरक नाही.

आणि एक. तुमच्या गाडीचे नट अ‍ॅल्युमिनियमचे असतील, तळाशी गोल बैठक. त्यांच्यावर हवेची गन चालवू देऊ नका, माझ्या दुकानातसुद्धा नाही. हाताने लावायचे, टॉर्क पान्याने आवळायचे. बाजारातले कोनाच्या बैठकीचे नट गोल बैठकीच्या चाकाला लावले तर रेघेएवढ्या जागेवर टेकतात. दिसायला घट्ट, प्रत्यक्षात काही नाही.

---

नियमावली – ५ ऑगस्ट, दुपारी १:१५

थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: कंपनीच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल गाडीत करता येत नाही. कंपनीने याच मॉडेलला दिलेलं माप लावलंत तर वाद घालायला जागा राहते. ६८ मिमीच्या घरगुती स्पेसरवर अपघात झाला तर विमावाल्यांना आधी काय दिसेल, ते वेगळं सांगत नाही.

---

दांडियाबाजारकर – ५ ऑगस्ट, रात्री १०:३०

ताई, पकडलंत. टायरसाठीच १७ घेतली. आणि थोडी दिसायलाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला २१ गन सॅल्यूटचं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा काकांना व्हीलचेअरवर घेऊन गेलो होतो. तेव्हापासून डोक्यात होतं, आपली गाडीही एकदा नीट उभी करायची.

काकांना आज धागा वाचून दाखवला. "बेअरिंगला स्पेसर दिसत नाही" यावर खूश झाले. म्हणाले, हाडांचंही असंच असतं, आणि पुढे वीस मिनिटं सांध्यांवर बोलले.

कप चाकं विकायला काढली. ८ बाय १६ ची शोधतोय. पण कलाभवन काका, ८ इंचीला तोच २८ चा स्पेसर चालेल? चाक आत दिसेल ना?

---

कलाभवन_७८ – ६ ऑगस्ट, सकाळी ६:०५

इथे रुंदी बदलली, म्हणून अर्धी अर्धी करून मोजायचं. ९ इंचाचा अर्धा ११४.३ मिमी. त्यातून ईटी १५ वजा, स्पेसर २८ अधिक: बाहेरची कड हबपासून १२७.३ वर. ८ इंचाचा अर्धा १०१.६, ८ इंची फुक्सचं ईटी १०.६, तेच २८ अधिक: ११९. म्हणजे आठ मिमी आत. करंगळीएवढंही नाही. कंपनीने तसंच विकलं, तुम्हीही राहू द्या. आठ मिमीसाठी ३६ चा स्पेसर करायला जाऊ नका.

बसवल्यावर घासतंय का ते डोळ्याने ठरवू नका. गणपती जवळ आलेत, शाडूची माती घरात असेलच. लिंबाएवढे गोळे करून मडगार्डच्या आतल्या कडेला आणि आर्मजवळ चिकटवा. जॅक आर्मखाली लावून चाक वर दाबा, पूर्ण. मग मातीचा गोळा सुरीने मधून कापा आणि उरलेली जाडी व्हर्नियरने मोजा. मागे उजवीकडे मडगार्डमध्ये तेलाची टाकी असते, तिच्याजवळ एक गोळा जास्त लावा.

---

लेथवाला_मकरपुरा – ६ ऑगस्ट, सकाळी ८:४५

मातीची युक्ती झकास. मी आजवर दाढीचा फेस वापरायचो, तो ओघळतो.

---

पुणेरी_पेट्रोल – ६ ऑगस्ट, सकाळी ९:००

शाडूच्या गोळ्याला व्हर्नियर लावणारा पहिला समाज म्हणून इतिहास आपली नोंद घेईल.

---

दांडियाबाजारकर – २१ सप्टेंबर, रात्री ९:५५

उशीर झाला, गणपती होते.

८ बाय १६ ची जोडी मिळाली. एकावर फुटपाथचे ओरखडे आहेत, पण तडा नाही. लेथवाल्या भाऊंकडे दोन्ही तपासून घेतली. ताईंकडून २२५/५० आले. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष, तिने स्वतः दाखवले. मी न विचारता.

माती लावली. गौरींसाठी आणलेल्यातली थोडी उरली होती. आईला सांगितलं नाही. बाहेर १४ मिमी उरली, आर्मकडे २२, तेलाच्या टाकीकडच्या गोळ्यावर ओरखडाही नाही.

आणि मग पहाटे एक्स्प्रेस वेवर, आणंदच्या अलीकडे, ९० ला मागून थरथर. आसनातून जाणवणारी, स्टिअरिंगमध्ये नाही. पुढे ११० वगैरे नाहीच केली, तिथे मर्यादाही १०० ची आहे. परत आलो. ताईने पुन्हा बॅलन्स बघितला, शून्य. चाकं बरोबर, टायर बरोबर.

मग लेथवाल्या भाऊंनी चाक काढून डायल (फिरताना किती डुगडुगतं ते मोजणारं काट्याचं यंत्र) लावला. हबवर काटा जवळजवळ हलत नाही. स्पेसर बसवून बघितलं तर ०.४० मिमी! स्पेसर काढून उलटा केला, तर हबकडच्या चेहऱ्यावर काळ्या रंगाचा एक पापुद्रा. कधीकाळी कुणीतरी हब रंगवताना स्पेसरच्या कडेखाली रंग घातला असावा. टर्नर काकांनी पितळेच्या ब्रशने आणि थिनरने दोन्ही चेहरे साफ केले, आट्यांवरचं जुनं ग्रीस पुसलं. परत डायल: ०.०६. दुसऱ्या बाजूलाही तेच निघालं, थोडं कमी. त्यांनी मशीन चालूसुद्धा केलं नाही, पैसेही घेतले नाहीत. म्हणाले, "ब्रशना पैसा?" शेवटी शेवउसळ खाऊ घातली.

१३० वर आवळलं. शंभर किलोमीटरनंतर परत आवळलं. दोन नट किंचित फिरले, बाकी नाही. ९० ला आता शांत.

---

कलाभवन_७८ – २२ सप्टेंबर, सकाळी ६:१०

ग्रीस पुसलं ते फार बरं झालं. तेलकट आट्यावर तोच १३० लावला तर स्टड ठरल्याहून कितीतरी जास्त ताणला जातो. पान्याचा आकडा बरोबर दिसतो आणि स्टड मात्र ओरडत असतो.

काकांना नमस्कार सांगा. एकदा फाटकाशी येऊन बघून जाईन, लांबूनच.

---

टायरवाली_ताई – २२ सप्टेंबर, सकाळी ११:२०

माझा बॅलन्स बरोबर होता, हे कुणीतरी ठळक अक्षरात लिहा.

---

दांडियाबाजारकर – २२ सप्टेंबर, रात्री ९:३०

ताईंचा बॅलन्स बरोबर होता.

कलाभवन काका, फाटकाशी नाही, आत या, आणि रविवारी सकाळी सातला या. मागच्या सीटवर बसावं लागेल, गुडघे कानाशी येतील.

एकच गोष्ट राहिली. काकांना त्या आठ मिमीचं काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. फक्त चाकं नवी मिळाली एवढंच. आज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. चष्मा घरात. गाडीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मागचं चाक जरा आत गेलंय का रे?"

---

लेथवाला_मकरपुरा – २२ सप्टेंबर, रात्री ९:४१

३६ चा बार आहे माझ्याकडे. सर्टिफिकेटवाला. नुसतं सांगून ठेवतो.